पंपघरामागचं आपोआप

पंपघराच्या मागून मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना चिखल होता, केसांत आघाड्याचं कणीस अडकलं होतं आणि चेहरा असा, की हरवलेली अंगठी दहा वर्षांनी साखरेच्या डब्यात सापडावी.

"हे कोणी लावलं?" त्यांनी विचारलं.

मी भांडाराच्या दारात वजनकाट्यापाशी बसलो होतो. काट्यावर आमच्या दोनपोते माळ्यांचं सकाळचं पहिलं पोतं होतं आणि दोनपोते स्वतः पोत्याला टेकून उभे होते.

"कोणी नाही," ते म्हणाले. "आपोआप आलंय."

"आपोआपच," मी म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं.

"चौतीस," मॅडम म्हणाल्या आणि तिथल्याच उलट्या बादलीवर बसल्या. "शहरातल्या एकेचाळीस बागा पालथ्या घातल्या मी. सगळ्या मिळून इथल्या मातीतल्या झाडांच्या नऊ जाती सापडल्या. बाकी सगळीकडे तुमची ती हिरवळ. आणि या पंपघरामागे, दहा पावलं बाय पंधरा पावलांत, चौतीस. कोणी हात न लावता."

"हात कोण लावणार," दोनपोते म्हणाले, आणि आपले दोन्ही हात त्यांनी हळूच पोत्यामागे नेले.

या गृहस्थांचं खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहायचं. बागेत सगळे त्यांना दोनपोते म्हणत. एकोणतीस वर्षं नोकरी, माळी म्हणून लागले, माळी म्हणूनच निवृत्त होणार. मधल्या काळात बढती एकदाच चालून आली होती, ती दुसऱ्या बागेतली निघाली म्हणून यांनी नाकारली. कारण विचारल्यावर म्हणाले, बस बदलावी लागते.

नावामागचा हिशेब असा. फार पूर्वी एका अधीक्षकांनी नियम काढला होता, की प्रत्येक माळ्याने रोज आपल्या हिरवळीतून दोन पोती तण उपटून भांडारात जमा करावं, प्रत्येकी दहा किलो. भरलं तर पूर्ण हजेरी, कमी भरलं तर अर्धी. नियम काढणारे साहेब बदलून गेले, नंतरचे निवृत्त झाले, नियम मात्र कायम झाला. दोनपोते नवीन होते, हाताला खाज होती. तीन वर्षांत त्यांनी आपली हिरवळ इतकी साफ केली, की तिच्यात तण शोधायला भिंग लागावं. मग पोती कशाने भरणार? ज्या माळ्याच्या हिरवळीत गुडघाभर रान माजलं होतं तो दुपारी बारालाच दोन पोती टाकून झाडाखाली पाय पसरायचा आणि हे दिवसभर रांगत चार मुठी गोळा करायचे. सलग सतरा दिवस अर्धी हजेरी लागली. अठराव्या दिवशी या माणसाने पंपघरामागची रिकामी जागा खणली आणि तिथे तण पेरलं.

सव्वीस वर्षं पेरलं. मी भांडारात आलो त्याला चौदा वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात मला कळलं, कारण यांच्या पोत्यात फुलं यायची, आणि फुलावर आलेलं तण या हिरवळीत टिकणं शक्यच नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला मागे नेलं आणि नव्या जावयाला घर दाखवावं तसं सगळं दाखवलं.

"ही घोळ. पानात पाणी धरते, वजनाला हिच्यासारखी नाही. हा आघाडा. वजन काही नाही, पण पोतं असं फुगवतो की बघणाऱ्याचा जीव दडपतो. तळाला घोळ, वर आघाडा. केना तोडली की दुप्पट येते, तिला मी आठवड्यातून एकदाच हात लावतो. टाकळा इकडे. कुर्डू नुसता दिसायला."

"आणि हा कोपरा?"

"तो माका. तो नाही उपटत."

"का?"

"पोत्यात बसत नाही नीट," ते म्हणाले. माका हे वीतभर उंचीचं मऊ झाड आहे. ते चहाच्या कपातसुद्धा नीट बसेल.

चौतीसपैकी पोत्यात जाणाऱ्या जाती पाच-सहाच होत्या. बाकीच्या का होत्या, हा प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. बसमधून येताना रस्त्याकडेला काही वेगळं दिसलं की हे एक थांबा आधी उतरायचे आणि खिशात बी घेऊन यायचे. घरी बायको शर्ट धुण्याआधी खिसा उलटा करून गॅलरीत झटकायची. तिच्या गॅलरीत, बादलीच्या कडेला, कायम काहीतरी उगवलेलं असायचं.

आणि एक गंमत. पंपघराच्या पलीकडून हिरवळीचं गवत सरपटत या तुकड्यात घुसायचं. दोनपोते रोज दुपारी ते मुळासकट उपटायचे आणि शिव्या घालायचे. शहरातला सर्वांत चांगला हिरवळीचा माळी हिरवळीला काय काय म्हणतो, ते मी इथे लिहीत नाही.

असं सुरळीत चाललेलं असताना धोरण आलं. शहराला प्यायला पाणी एक दिवसाआड आणि हिरवळीला रोज दोन वेळा, हे वर्तमानपत्रात छापून आल्यावर वरून हुकूम सुटला: हिरवळी काढा, इथल्या मातीतली रानटी झाडं वाढवा. आमचे अधीक्षक साहेब हिरवळीच्या उंचीला काड्यापेटी लावून बघणारे. गवताची एक काडी जरी वर दिसली तर माळ्याला उभं करायचे. पण माणूस हुशार. पत्रक सकाळी अकराला आलं, आणि दुपारच्या चहाला साहेब म्हणाले, "मी तर पहिल्यापासून म्हणतोय, या हिरवळीत जीव नाही." त्यांच्या खुर्चीमागे 'तणमुक्त उद्यान, प्रथम क्रमांक' अशी ढाल होती. ती काढली तर भिंतीवर पांढरा डाग दिसला असता, म्हणून राहिली.

मॅडम त्याच धोरणाबरोबर आल्या होत्या. रानटी झाडं वाढवायची तर बी हवं, आणि ते कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं, कारण आजवर कोणी मागितलं नव्हतं. म्हणून त्या गुडघ्यांवर सगळं शहर हिंडल्या. आणि म्हणून त्यांचा अहवाल वर गेला: पंपघरामागे, मानवी हस्तक्षेपाशिवाय, निसर्गतः टिकून राहिलेला तुकडा. दहा दिवसांत तुकड्याभोवती जाळीचं कुंपण आलं, दाराला कुलूप आलं, पाटी आली: 'संरक्षित क्षेत्र. आत जाऊ नये. काहीही लावू नये, काढू नये, पाणी घालू नये.'

दोनपोत्यांनी पाटी दोनदा वाचली.

"पाणी घालू नये?" त्यांनी मला विचारलं.

"निसर्ग आहे तो, दादा. निसर्गाला कोण पाणी घालतं?"

"मी," ते म्हणाले.

कुंपणवाल्यांनी जाता जाता आणखी एक चांगलं काम केलं. पंप गळत होता, तो त्यांनी दुरुस्त केला. ती गळती सव्वीस वर्षांची होती. पंप दुरुस्त करायला येणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला दोनपोते स्वतःच्या पैशाने चहा पाजायचे आणि सांगायचे, बाकी सगळं बघा, तेवढं एक राहू द्या. त्या गळतीवर माक्याचा कोपरा उभा होता.

इकडे हिरवळी निघू लागल्या. पोत्यांचा नियम रद्द करणारं पत्रक कोणी काढलंच नाही, त्यामुळे दोनपोते उखडलेली हिरवळ पोत्यात भरून आणायचे आणि मी ती 'तण' या रकान्यात लिहायचो. पोती आता बारा वाजायच्या आत भरायची. उरलेला दिवस ते कुंपणाबाहेर उभे राहायचे, दवाखान्यात भेटीची वेळ संपल्यावर नातेवाईक उभे राहतात तसे. मॅडम दर शुक्रवारी आत जाऊन मोजायच्या. चौतीस. तेहतीस. एकतीस. हिरवळीचं गवत मात्र, बाहेर सगळीकडून हाकललं गेल्यामुळे की काय, जाळीखालून आत शिरून मजेत पसरत होतं.

"ऋतू बदलतोय," मॅडम मला म्हणाल्या. "निसर्गात चढउतार असतात."

"असतात," मी म्हणालो. दोनपोत्यांच्या निवृत्तीला आठ महिने होते. पेन्शनचे कागद माझ्याच कपाटात होते, आणि चौकशी चालू असलेल्या माणसाचे कागद त्या कपाटातून बाहेर पडत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांची बायको भांडारात आली. पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून बसली.

"भाऊसाहेब, तुम्ही यांचे जवळचे. खरं सांगा. केना कोण?"

"कोण?"

"झोपेत बडबडतात. केना गेली, केना गेली. परवा तर डोळ्यांत पाणी. या वयात मला हे बघायला लावू नका. कोणी असेल तर सांगा, मी जाऊन भेटते तिला."

"वहिनी, ते झाड आहे."

मी तिला खिडकीतून कुंपण दाखवलं, सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि पिशवी उचलली.

"बाई असती तर बरं होतं," ती म्हणाली. "बाईला निदान समजावता येतं."

त्याच दिवशी दुपारी दोनपोते माझ्यासमोर येऊन बसले. टोपी मांडीवर.

"मी साहेबांना सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"की मी लावलंय. सव्वीस वर्षं."

मी उठून दार लावून घेतलं. "दादा, आठ महिने. दात आवळून बसा. आठ महिन्यांनी पेन्शन हातात पडली की गावभर ओरडून सांगा."

"आठ महिने माका थांबणार नाही."

"अहो पण फसवणूक होते ती. रोजची दोन पोती. खोटं काम."

"खोटं कसं? पेरलं, वाढवलं, उपटलं. बाकीच्यांनी नुसतं उपटलं."

"आणि माझी सही? चौदा वर्षं रोज माझी सही आहे त्याच्यावर."

"तुम्ही वजनाची सही केलीत," ते म्हणाले. "वजन बरोबर होतं."

या माणसाशी वाद घालता येत नाही. मी त्यांच्याबरोबर गेलो. माझी सही वाचवायला गेलो असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

साहेबांच्या खोलीत मॅडमही होत्या. वरून त्यांच्या कौतुकाचं पत्र आलं होतं आणि साहेब ते मोठ्याने वाचून दाखवत होते. दोनपोते दारातूनच म्हणाले, "साहेब, ते तण मी लावलंय."

"कोणतं?"

"सगळं."

मग त्यांनी सांगितलं, सरळ, अठराव्या दिवसापासून. साहेबांचा चष्मा हळूहळू नाकावरून खाली आला.

"किती पोती झाली असतील?" त्यांनी मला विचारलं.

"वर्षाचे तीनशे दिवस धरले तर पंधरा हजार सहाशे," मी म्हणालो. "दर महिन्याच्या शेवटी आपली सही आहे. आपल्या आधीच्या साहेबांची त्यांच्या काळात."

साहेबांनी मान मागे टेकली. डोकं ढालीला लागलं. मग ते फार मायेने म्हणाले, "तुम्हाला बरं वाटत नाहीये."

"बरंय मला."

"ऊन लागलंय. हिरवळ गेल्याचा धक्का बसलाय. समजू शकतो मी. कागदावर तो तुकडा नैसर्गिक आहे. तुम्ही निसर्गाविरुद्ध तक्रार घेऊन आलाय, ती मी दाखल कशी करणार? आणि पुरावा काय?"

दोनपोत्यांनी जरा विचार केला. "सोमवारी माका जाईल," ते म्हणाले. "पूर्वेकडचा आधी. मग भुईआवळी, कारण गवताने तिला घेरलंय. केना गेलीच. कुर्डू महिनाभर दम काढेल, पण बी धरणार नाही. आघाड्याला काही होणार नाही, तो माझ्यानंतरही राहील. मॅडमनी वहीत बघावं."

मॅडमनी वही उघडली. वहीत बघून त्यांनी ती मिटली, पुन्हा उघडली. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. एकेचाळीस बागा पालथ्या घालून सापडलेला निसर्ग समोर टोपी हातात घेऊन उभा होता.

"काय बदललं?" त्यांनी शेवटी विचारलं. आवाज कोरडा होता. "म्हणजे कुंपण घातल्यापासून काय थांबलं?"

"गळती."

"कसली गळती?"

"पंपाची. आणि हिरवळ कोणीतरी उपटायचं. रोज, दुपारी. संध्याकाळी मुळं घट्ट होतात."

"मॅडम," साहेब म्हणाले, "हे टिपणात येणार नाही. हस्तक्षेप झालाय असं लिहिलंत तर संरक्षण उठतं. संरक्षण उठलं की ती जागा वाहनतळाची, नकाशा तयार आहे. तुमचं पत्र परत जाईल. यांचं पेन्शन अडकेल. माझं... असो."

"तुमचं काय?" मॅडमनी विचारलं.

"मी असो म्हणालो."

दोनपोते एवढ्या वेळात पहिल्यांदा अस्वस्थ दिसले. शिक्षेची तयारी करून आले होते. शिक्षाच नाही म्हटल्यावर हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"म्हणजे मी काही केलं नाही?" त्यांनी विचारलं.

"काहीही नाही," साहेब म्हणाले. "सव्वीस वर्षांत तिकडे फिरकलासुद्धा नाहीत."

"बरं," दोनपोते म्हणाले. आणि मग अगदी हळू, "पण पाणी घालू ना?"

मॅडम उठल्या. कुलपाची किल्ली त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्यालाच होती. आम्ही तिघं पंपघरात गेलो. मी भांडारातून पाना दिला, दोनपोत्यांनी जागा दाखवली, आणि वरून कौतुकाचं पत्र आलेल्या अधिकारी बाईंनी सरकारी पंपाची बंद झालेली गळती स्वतःच्या हाताने पुन्हा चालू केली.

"अर्धा फेरा," दोनपोते सांगत होते. "जास्त नको, डबकं होईल. ऐका, टप, टप, टप. मध्ये एक श्वास. बस."

पान्याची नोंद मी केली नाही.

त्यानंतरचे आठ महिने रोज दुपारी कुंपणाचं दार उघडायचं. भेट देणाऱ्यांच्या वहीत दोनपोत्यांची रोज सही असायची. भेटीचा हेतू या रकान्यात ते 'बघणे' असं लिहायचे. मॅडम त्यांच्या शेजारी उकिडव्या बसून लिहून घ्यायच्या. सुरुवातीला त्या रागावलेल्या होत्या, प्रश्न विचारून उत्तराकडे बघायच्याच नाहीत. मग एक दिवस केना परत आली, आणि मला दोघांचं भांडण ऐकू आलं, ती आपोआप आली की बोलावल्यामुळे. त्यानंतर त्या त्यांना गुरुजी म्हणू लागल्या. फक्त कुंपणाच्या आत. बाहेर आल्यावर पुन्हा अहो माळीकाका. एकतीसच्या चौतीस झाल्या, मग सदतीस. इथलं बी पुडीपुडीने एकेचाळीस बागांत गेलं. प्रत्येक पुडीवर छापलेलं असायचं: मूळ ठिकाण, नैसर्गिक. पहिली पुडी दोनपोत्यांनी उलटीसुलटी करून बघितली आणि खिशात टाकली. शर्ट धुण्याआधी त्यांच्या बायकोने तो खिसा झटकला नाही म्हणे.

निवृत्तीचा कार्यक्रम सभागृहात झाला. साहेबांची अडचण मला पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसत होती. हिरवळ चांगली ठेवली म्हणावं तर धोरणाच्या विरुद्ध. तण चांगलं ठेवलं म्हणावं तर ढालीच्या विरुद्ध. घसा दोनदा खाकरून ते म्हणाले, "हे वेळेवर आले." टाळ्या झाल्या. "आणि वेळेवर गेले." आणखी टाळ्या. एकोणतीस वर्षांत यापलीकडे त्यांना काही सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सभागृहात उभं राहून दुसरं काही बोलता आलं नाही. वहिनी बाजूला बसून पदराने नाक पुसत होत्या, पण मला वाटतं त्यांना हसू येत होतं.

भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ होतं, पुठ्ठ्याच्या खोक्यात. ते द्यायला साहेब वळले तर खुर्ची रिकामी.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, खोकं उचललं आणि चालू लागल्या. मी मागे. कुंपणाचं दार उघडं होतं. लग्नातला ठेवणीतला सदरा आणि कडक इस्त्रीची पँट घालून दोनपोते गळतीच्या कोपऱ्यात ओल्या मातीवर गुडघे टेकून बसले होते.

"गुरुजी, सगळे थांबलेत," मॅडम पुढे होत म्हणाल्या.

"पाय उचला," ते न बघता म्हणाले.

मॅडमनी उजवा पाय उचलला.

"डावा."

त्यांनी उजवा टेकवला, डावा उचलला. हातात खोकं, त्यात घड्याळ चालू होतं, ते ऐकू येत होतं. दोनपोत्यांनी बुटाच्या ठशात दबलेलं काहीतरी नखाने उकरून उभं केलं आणि दोन बोटांनी भोवतीची माती बसवली.

"कोणतं आहे?" मॅडमनी विचारलं.

"मला नाही ठाऊक," ते म्हणाले. "हे मी नाही लावलेलं."

त्यांनी मान आणखी खाली नेली, जवळजवळ मातीला गाल लागेपर्यंत. "दोनच पानं आहेत अजून. चार आली की कळेल."

चार पानं यायला आठवडा तरी लागतो. दोनपोत्यांची नोकरी त्या संध्याकाळी साडेपाचला संपत होती. मॅडम तो पाय तसाच वर धरून, कुठे टेकवता येईल ते बघत, एका पायावर उभ्या होत्या.